निजामी तिकिटें आणि विलायती सूचिपत्रें

पोस्टाच्या तिकिटांचें सूचिपत्र, म्हणजे संग्राहक ज्याला सरसकट कॅटलॉग म्हणतात तो ग्रंथ, वाङ्मयाच्या कोणत्या दालनांत ठेवावा हा प्रश्न आजवर कोणा टीकाकाराला पडल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. दुकानदाराची भावांची यादी एवढ्यावर त्याची बोळवण होते. यादी ती आहेच, त्याबद्दल वाद नाहीं. परंतु ज्या राज्याचें दप्तर विखुरलें, नाणें आटलें आणि कचेरीची भाषाहि बदलली, त्या राज्याच्या टपालाचा त्यांतल्या त्यांत सलग वृत्तान्त जर एका विलायती दुकानदाराच्या यादींतच हातीं लागत असेल, तर इतिहासाच्या अभ्यासकानें तिच्याकडे पाहून नाक मुरडणें बरें नव्हे. आमच्या मराठवाड्याची गोष्ट थेट अशीच आहे. म्हणून कोणता कॅटलॉग घ्यावा, जुना घ्यावा कीं नवा, आणि घेतल्यावर तो वाचावा कसा, या वरवर पाहतां पोरकट वाटणाऱ्या प्रश्नांचा आम्ही येथें थोडा विस्तारानें विचार करणार आहों.

आमच्यासमोर उदाहरण आहे तें टेंभुर्णीचें. जाफराबाद तालुक्यांतील हें गांव आज जालना जिल्ह्यांत मोडतें. पण जालना जिल्हा अस्तित्वांत आला तोच मुळीं १ मे १९८१ रोजीं. त्यापूर्वीं हा तालुका औरंगाबाद जिल्ह्यांत होता, आणि १९४८ च्या सप्टेंबरापर्यंत त्यावर निजामाचा अंमल होता. तालुक्याची शीव बुलढाणा जिल्ह्याला, म्हणजे वऱ्हाडाला, भिडलेली. वऱ्हाड १८५३ च्या तहानें इंग्रजांच्या कारभाराखालीं गेलें आणि १९०२ सालीं कायमच्या पट्ट्यानें त्यांच्याकडेच राहिलें. मालकी नांवाची निजामाची, टपाल मात्र इंग्रजांचें. यामुळें शिवेवरच्या गांवांत टपालाची मोठी मौज होती. जालन्यास किंवा औरंगाबादेस पत्र धाडावयाचें तर निजामी तिकीट चाले आणि त्याचा हिशेब हाली शिक्क्यांत होई. पलीकडे देऊळगांव राजाला धाडावयाचें तर इंग्रज सरकारचें तिकीट लागे, आणि त्याचा हिशेब कलदार रुपयांत. हाली सात रुपये म्हणजे कलदार सहा, असा ढोबळ भाव. सोयरिकी दोन्ही अंगांना, बाजारहि दोन्ही अंगांना. पण हद्द ओलांडली कीं तिकीट निराळें आणि त्याचा पैसाहि निराळा.

अशा मुलुखांत एखाद्या जुन्या माळवदी घरांतून पत्र्याचा डबा निघाला, तर त्यांत हीं दोन्ही प्रकारचीं तिकिटें गुण्यागोविंदानें नांदतांना दिसावयाचीं. कॅटलॉगांत मात्र त्यांची ताटातूट झालेली असते. एक 'इंडिया' या मथळ्याखालीं, तर दुसरें पुष्कळ पानें उलटल्यावर मांडलिक संस्थानांच्या प्रकरणांत. संस्थानांचेहि कॅटलॉगवाल्यांनीं दोन वर्ग केले आहेत. ज्या संस्थानांनीं इंग्रज सरकारशीं टपालाचा करार केला, त्यांना सरकारचींच तिकिटें संस्थानाचें नांव वर छापून मिळत, आणि तीं साऱ्या हिंदुस्थानांत चालत. शिंद्यांचें ग्वाल्हेर या वर्गांतलें. ज्यांनीं स्वतःचीं तिकिटें काढलीं, त्यांचीं तीं हद्दीबाहेर कवडीमोल. होळकरांचें इंदूर, पवारांचें धार, पंतसचिवांचें भोर आणि निजामाचें हैदराबाद हीं सारीं या दुसऱ्या पंक्तींत बसलीं आहेत. भोरचीं पहिलीं तिकिटें १८७९ चीं. तीं ज्या मराठी वाचकाला ठाऊक आहेत, त्यालाहि तीं बहुधा विलायती यादींतूनच ठाऊक झालेलीं असतात.

नवखा संग्राहक हैदराबादचीं तिकिटें प्रथम 'एच्' खालीं शोधतो, मग 'एन्' खालीं. दोन्हीकडे कांहीं न मिळाल्यावर हीं तिकिटें कॅटलॉगांत नाहींतच, असा त्याचा ग्रह होतो. त्याला दोष देण्यांत अर्थ नाहीं. एकोणिसाव्या शतकांतल्या निजामी तिकिटांवर हैदराबाद हें नांव इंग्रजींत लिहिलेलेंच नाहीं. म्हणून कॅटलॉग विकत घेण्यापूर्वीं त्याची रचना समजून घ्यावी लागते, आणि ती रचना समजावयाची तर तो जन्मला कसा हें पाहावें लागतें.

कॅटलॉगाचा जन्म व्यापारांत झाला नाहीं, ही गोष्ट पुष्कळांना नवीन वाटेल. तिकीट इंग्लंडांत १८४० सालीं निघालें. पुढच्या वीस वर्षांत देशोदेशीं त्याचें अनुकरण झालें, आणि पॅरिसला त्विलेरीच्या बागेंत थोरामोठ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत सारे जमून तिकिटांची अदलाबदल करूं लागले. कोणत्या देशानें काय काढलें आहे याची टांचणें प्रत्येकाच्या खिशांत असत. अशाच टांचणांतून १८६१ सालीं स्ट्रासबुर्गचे ग्रंथविक्रेते ऑस्कार बेर्जे-लव्ह्रो यांनीं एक यादी छापून मित्रमंडळींत वांटली, आणि तिच्या आधारानें त्याच वर्षाच्या अखेरीस आल्फ्रेद पोतिके यांनीं पॅरिसला पहिला विक्रीचा कॅटलॉग प्रसिद्ध केला. त्यांत हजाराहून थोडीं अधिक तिकिटें नोंदलेलीं होतीं. भाव एकालाहि दिलेला नव्हता. काय आहे एवढेंच सांगावयाचें होतें, काय पडेल तें नव्हे.

लगोलग १८६२ सालीं लंडनला जॉन एडवर्ड ग्रे यांचें पुस्तक निघालें. हे गृहस्थ ब्रिटिश म्युझियममध्यें प्राणिशास्त्र विभागाचे प्रमुख. कासवांच्या आणि सरड्यांच्या जाती लावणारा हात तिकिटांवरून फिरला, ही आम्हांस केवळ मौजेची गोष्ट वाटत नाहीं. वंश, जाति, उपजाति, रंगभेद, अशी जी उतरंड आजच्या प्रत्येक कॅटलॉगांत दिसते, तिच्यामागें त्या काळाची सृष्टिविज्ञानाची शिस्त उभी आहे. या छंदाला फ्रेंच लोक प्रथम थट्टेनें तिकिटवेड म्हणत; १८६४ सालीं जॉर्ज एर्पें यांनीं ग्रीक शब्द जोडून 'फिलॅटेली' असें भारदस्त नांव त्याला दिलें. दोन वर्षांनीं, १८६६ मध्यें, डॉक्टर लग्रां या पॅरिसच्या संग्राहकानें तिकिटाच्या कडेचीं छिद्रें मोजण्याची पट्टी काढली. दोन सेंटिमीटर लांबींत छिद्रें किती बसतात हें मोजावयाचें, आणि तो आंकडा तिकिटाच्या वर्णनांत लिहावयाचा. इंग्रज संग्राहकांनीं आरंभीं या फ्रेंच काटेकोरपणाची टवाळी केली आणि मग मुकाट्यानें तो उचलला. ही पट्टी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. हैदराबादच्या प्रकरणांत तिच्याशिवाय आपलें पान हालणार नाहीं.

व्यापारी आला तो यानंतर. एडवर्ड स्टॅन्ले गिबन्स याचा जन्म पहिल्या तिकिटाच्याच सालचा, म्हणजे १८४० चा. प्लिमथ येथें बापाच्या औषधांच्या दुकानांत एका कोपऱ्याला त्यानें १८५६ सालीं तिकिटें मांडलीं. १८६५ च्या नोव्हेंबरांत त्याची पहिली भावांची यादी निघाली. १८७४ त पेढी लंडनला गेली. १८९० सालीं चार्ल्स फिलिप्स यानें ती पंचवीस हजार पौंडांना विकत घेतली. औषधाच्या दुकानांतील एका कोपऱ्याची पस्तीस वर्षांत एवढी किंमत व्हावी, हें त्या काळच्या तिकिटवेडाचेंच माप म्हणावयाचें. तिकडे न्यूयॉर्कला स्कॉट याचा कॅटलॉग १८६८ त, फ्रान्समध्यें आमियें येथील ईव्हेर आणि तेलिए यांचा १८९६ त, आणि जर्मनींत ह्युगो मिशेल याचा १९१० त सुरू झाला. या चार घराण्यांचे कॅटलॉग आजतागायत चालू आहेत.

पोतिके आणि ग्रे यांचे ग्रंथ मागें पडले आणि दुकानदारांच्या याद्या टिकल्या, याचें कारण आमच्या मतें सरळ आहे. पंडिताचा ग्रंथ एकदां छापला कीं पंडित मोकळा झाला. व्यापाऱ्याला मात्र आपली यादी वरचेवर सुधारावीच लागते, कारण तिच्यांतील चूक त्याच्याच खिशाला बाधते. बनावट तिकीट अस्सल म्हणून नोंदलें तर उद्यां तें त्याच्याच फळीवर येऊन बसणार. लोभाच्या पोटीं अचूकपणा जन्मला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

आतां या चार घराण्यांपैकीं कोणाशीं सोयरीक करावी? येथें पानांची सुबकता किंवा चित्रांचे रंग पाहूं नयेत. प्रत्येक घराण्याचे क्रमांक निराळे आहेत, आणि क्रमांक हीच संग्राहकांची बोली आहे. पुण्यामुंबईच्या विक्रेत्याला किंवा लिलांवाच्या यादीला 'गिबन्स ४६' म्हटलें कीं तें हैदराबादचें आठ आण्यांचें अजिंठ्याचें तिकीट, हें तात्काळ कळतें. त्याच तिकिटाला स्कॉटच्या यादींत दुसरा क्रमांक, मिशेलच्या यादींत आणखी तिसरा. अमेरिकेंतल्या संग्राहकाशीं पत्रव्यवहार असणाऱ्यास स्कॉटवांचून गत्यंतर नाहीं. ज्याला जर्मनीचीं तिकिटें जमवावयाचीं त्यानें मिशेल घ्यावा. हिंदुस्थानांतील आणि संस्थानांतील तिकिटांपुरता मात्र गिबन्सच श्रेष्ठ. याचें एक कारण इतिहासाचें, कीं साम्राज्याच्या काळापासून येथील संग्राहकांची बोली तीच आहे. दुसरें कारण तपशिलाचें. ब्रिटिश अंमलाखालील मुलुखांचे जलचिन्हभेद, रंगभेद आणि छिद्रभेद इतके बारकाईनें दुसरा कोणी सर्वसाधारण कॅटलॉग देत नाहीं.

पण गिबन्स म्हणजे एक पुस्तक नव्हे, तें एक कुटुंब आहे, आणि खरेदी करणारा फसतो तो येथें. या पेढीनें १९३४ सालीं एक सोपा कॅटलॉग काढला. पुढें त्याचाच विस्तार होऊन साऱ्या जगाचीं तिकिटें अनेक जाड खंडांत सांगणारा संच झाला. रंगीत, भरगच्च, पाहतांच डोळ्यांत भरणारा. त्यांत जलचिन्हें वगळलेलीं असतात, छिद्रांचें माप वगळलेलें असतें, छटा वगळलेल्या असतात. चित्र पाहून देश ओळखावयाचा आणि वहींत चिकटवावयाचें, एवढाच ज्याचा हेतु त्याला तो पुरे. दुसरा आहे तो ब्रिटिश साम्राज्याचा व राष्ट्रकुलाचा तपशीलवार कॅटलॉग, जो जुन्या प्रतींवर 'भाग पहिला' म्हणून ओळखला जातो. आणि अलीकडे त्यांतूनच निघालेला, फक्त हिंदुस्थान व त्यांतील संस्थानें यांचा, एक आटोपशीर खंडहि मिळतो. जुन्या पुस्तकांच्या बाजारांत गिबन्सचा 'भाग दुसरा' किंवा 'भाग सातवा' स्वस्तांत मिळाला म्हणून उड्या मारीत घरीं यावें, आणि आंत हिंदुस्थानाचें एकहि पान नसावें, असा प्रसंग येऊं शकतो. ते भाग परकीय देशांचे. मुखपृष्ठ नीट वाचून मगच पैसे मोजावे.

हा तपशील हवाच कशाला, असा प्रश्न कोणी करील. त्याला उत्तर म्हणून हैदराबादचीं पहिलीं दोन-तीन पानेंच उघडून पाहूं.

निजामी राज्याचें पहिलें तिकीट १८६९ सालचें, एक आण्याचें, जैतुनी हिरव्या रंगाचें. रॅपकिन यानें त्याचें खोदकाम केलें आणि लंडनच्या निसेन व पार्कर यांनीं त्याचा पत्रा तयार केला. पुढच्याच वर्षीं, १८७० मध्यें, अर्ध्या आण्याचें तपकिरी आणि दोन आण्यांचें हिरवट अशीं दोन तिकिटें निघालीं, आणि यांचें खोदकाम हैदराबादेंतच झालें. येथें कॅटलॉग एक लहानसें वाक्य लिहून जातो कीं, प्रत्येक मूल्याचे दोनशें चाळीस प्रकार आहेत. याचा अर्थ काय? विलायतेंत एक मूळ ठसा खोदून त्याच्या शेंकडों नकला यंत्रानें पत्र्यावर उमटवीत. हैदराबादच्या टांकसाळींतील कारागिरानें तसें केलें नाहीं. त्यानें पत्र्यावरचें प्रत्येक तिकीट स्वतंत्र, हातानें खोदलें. दोनशें चाळीस वेळां तीच वेलबुट्टी, तींच अक्षरें. आणि कोणतींहि दोन हुबेहूब सारखीं नाहींत. त्या कारागिराचें नांव यादींत नाहीं. रॅपकिनचें आहे. आम्हांस हें वाचतांना दर खेपेस थोडें थांबावेंसें वाटतें. विलायती यादीनें त्याचें नांव गाळलें खरें, पण त्याच्या हाताची मोजदाद तिनेंच ठेवली; आमच्याकडच्या कोणत्या ग्रंथानें तेवढें तरी केलें आहे?

त्याच ठिकाणीं खालीं बारीक टाइपांत एक टीप असते. १८८० सालीं या तिकिटांचीं पुनर्मुद्रणें काढण्यांत आलीं. मूळ रंगांत काढलीं आणि मनास येईल त्या रंगांतहि काढलीं. मूळ तिकिटांच्या छिद्रांचें माप साडेअकरा, पुनर्मुद्रणांचें साडेबारा. बस्स, एवढाच फरक, आणि तो लग्रांची पट्टी लावल्याखेरीज नुसत्या डोळ्यांना समजणें कठीण. सोप्या कॅटलॉगांत ही टीप नाहीं. आमच्या परिचयाच्या एका तरुणानें अशीं दोन तिकिटें एका विक्रेत्याकडून मूळ १८७० चीं म्हणून बऱ्यापैकीं रक्कम मोजून घेतलीं. त्याच्यापाशीं जगाचा रंगीत संच होता, आणि त्यांतील चित्राशीं तिकिटें तंतोतंत जुळत होतीं. जुळणारच, चित्र तेंच आहे. पट्टी लावल्यावर माप साडेबारा भरलें. विक्रेत्यानें हात झटकले. सोप्या कॅटलॉगाचा सोपेपणा हा असा महागांत पडतो.

१८७१ पासून निजामी टपालाचें जें मुख्य तिकीट सुरू झालें, त्याला संग्राहक 'स्केलेटन', म्हणजे सांगाडा, म्हणतात. मधोमध फारशी वळणाचीं अक्षरें, आणि भोंवतीं तेंच मूल्य इंग्रजी, मराठी व तेलुगू लिपींतहि. राज्य एकाचें, रयत तीन बोलींची. आणि कचेरींत ज्या मराठीला फारसा थारा नव्हता तिला तिकिटाच्या कांठावर तेवढी जागा मिळाली होती. हें तिकीट विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत चाललें. सोप्या यादींत तें मूल्यागणिक एकेका ओळींत संपतें. तपशीलवार यादींत मात्र तें छटांप्रमाणें आणि छिद्रांप्रमाणें फुटत जातें, आणि त्यावरून एखाद्या पाकिटाचा काळ दहा-पंधरा वर्षांच्या अंतरानें ठरवितां येतो. ज्या पत्रावर तारीख नाहीं, किंवा शिक्का पुसट झाला आहे, त्याच्या बाबतींत ही मदत लहान नव्हे. १८७३ पासून सरकारी कामासाठीं याच तिकिटांवर उर्दूंत 'सरकारी' असा शब्द उमटवूं लागले. कॅटलॉग तीं शेवटीं वेगळीं देतो आणि त्यांच्या क्रमांकामागें 'ओ' हें अक्षर लावतो. तहसिलींतून आलेल्या जुन्या लखोट्यांवर हीं असण्याचा संभव अधिक, म्हणून आमच्याकडच्या माणसानें मधलीं पानें सोडून आधीं शेवटच्या पानांकडे वळावें हें उत्तम.

मग येतीं १९३१ चीं चित्रांचीं तिकिटें. एक आण्यावर चारमिनार, दोन आण्यांवर उच्च न्यायालय, चार आण्यांवर उस्मानसागर, आठ आण्यांवर अजिंठा लेण्यांचें प्रवेशद्वार, बारा आण्यांवर बीदर, रुपयावर दौलताबाद. सहांपैकीं दोन चित्रें मराठवाड्याचीं, आणि तींहि वरच्या मोलाचीं. म्हणजे ज्यांच्या गांवांजवळचीं तीं चित्रें, त्या कुणब्याच्या हातीं तीं तिकिटें क्वचितच पडलीं असतील. त्याचा व्यवहार पैच्या आणि आण्याच्या तिकिटांपुरता. तरीहि स्वतंत्र भारताच्या तिकिटावर अजिंठा यावयाला १९४९ उजाडलें, आणि निजामानें तो अठरा वर्षें आधींच छापला होता, हें सांगावयाला हवें.

या पानावर कॅटलॉग वाचण्याची एक निराळी अडचण दिसते. रुपयाच्या तिकिटाला तो 'दौलताबादचा विजयस्तंभ' म्हणतो. गडावर कोणाहि माणसास विजयस्तंभ कोठें आहे म्हणून विचारा; तो गोंधळून पाहील. चांदमिनार म्हणा, म्हणजे हात करून दाखवील. बारा आण्यांच्या तिकिटाचें नांव 'बीदर कॉलेज'. वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर एखादी आधुनिक इमारत उभी राहते. प्रत्यक्षांत ती महमूद गावानाची पंधराव्या शतकांतील मदरसा. आम्ही इंग्रजीच्या तालमींत वाढलेलीं माणसें, छापील इंग्रजी शब्द दिसला कीं तो प्रमाण मानण्याची आम्हांस खोड. कॅटलॉगाचे आंकडे प्रमाण मानावे, वर्णनें मात्र गांवाकडच्या जाणत्या माणसाला दाखवून मग मानावीं.

आतां जुना कीं नवा. नवी प्रत महाग असते, आणि शिक्षकाच्या किंवा विद्यार्थ्याच्या ऐपतीच्या बहुधा बाहेरची. आमचें स्पष्ट मत असें कीं, संस्थानी तिकिटांसाठीं नवी प्रत घेण्याची कांहीं गरज नाहीं. हैदराबादचें टपाल १९५० सालीं भारताच्या टपालांत मिळून गेलें. त्यानंतर त्या प्रकरणांत नवीन तिकिटाची भर पडणें शक्यच नव्हतें. किरकोळ दुरुस्त्या सोडल्या तर बदलत आले ते केवळ भाव. म्हणून १९५० नंतरची, पानें शाबूत असलेली, 'भाग पहिला'ची कोणतीहि जुनी प्रत रद्दीच्या भावांत मिळाली तरी खुशाल घ्यावी. १९७१ पूर्वींच्या प्रतींत भाव शिलिंग-पेन्सांत असतात. तेवढ्यानें बिचकूं नये. विकत घेतांना मात्र आरंभींचीं दहावीस पानें आहेत ना, हें आधीं पाहावें. संक्षेप, कागदाचे प्रकार, छिद्रें मोजण्याची रीत हें सारें तेथें असतें, आणि जुन्या प्रतींतून नेमकीं तींच पानें निसटलेलीं असतात. स्वतंत्र भारताचीं तिकिटें जमविणाऱ्याची गोष्ट वेगळी; तेथें दरवर्षीं भर पडते, आणि कलकत्त्याच्या माणिक जैन यांच्या 'फिला इंडिया गाइड बुक'सारखें, भाव रुपयांत देणारें देशी पुस्तक हाताशीं असलेलें बरें.

भावांविषयीं थोडें बोलावें लागेल, कारण कॅटलॉगाचा सर्वांत अधिक गैरसमज होतो तो येथें. प्रत्येक ओळीला दोन आंकडे असतात. डावीकडचा कोऱ्या तिकिटाचा, उजवीकडचा वापरलेल्याचा. तो बाजारभाव नव्हे. तेवढ्याला आपण विकूं अशी ती पेढीची बोली आहे, आणि तीहि निर्दोष तिकिटाची. आमच्याकडचीं तिकिटें माळवदाच्या ओलींत, वाळवींत आणि उंदरांत पन्नास-साठ वर्षें काढलेलीं. कोणाचा कोंपरा गेलेला, कोणाचीं छिद्रें झिजलेलीं. अशा तिकिटाला छापील भावाचा लहानसा अंश मिळाला तरी पुष्कळ. शिवाय सर्वांत खालचा जो भाव असतो, तो तिकिटाचा नसून तें निवडून, पाकिटांत घालून देण्याच्या मेहनतीचा असतो. हें न जाणतां पौंडांचे रुपये करून, डब्यांतल्या तिकिटांची बेरीज मारून, वांटणीवरून भांडलेले भाऊ आम्हीं पाहिले आहेत.

याहून वाईट गोष्ट दुसरीच आहे. कॅटलॉगांत तिकीट एकटें असतें, पाकिटावांचून. त्यामुळें मोल तिकिटाला आहे, पाकीट म्हणजे टरफल, अशी समजूत होते, आणि जुनीं पत्रें गरम पाण्यांत बुडवून तिकिटें सोडविलीं जातात. शिवेवरच्या गांवाच्या पाकिटावर काय काय असतें हें पाहिलें म्हणजे या हत्येची कल्पना येईल. निजामी टपालाचा शिक्का बहुधा उर्दू अक्षरांत. पत्ता कधीं मोडींत, कधीं बाळबोधींत. आणि पाकीट वऱ्हाडांतून आलेलें असलें तर त्यावर इंग्रजी शिक्का. पत्र किती दिवसांनीं पोंचलें, कोणत्या वाटेनें आलें, गांवांत पोस्ट होतें कीं शेजारच्या कसब्याहून हरकारा येई, हें सांगणारा दुसरा पुरावा आतां कोठें उरला आहे? जालन्यास १९०३ पर्यंत इंग्रजी अंमलाखालची छावणी होती. तिच्या टपालाचीं पाकिटें आणि शहरांतल्या निजामी टपालाचीं पाकिटें शेजारीं शेजारीं ठेवलीं, तर एकाच गांवांत दोन राज्यें कशीं चालत हें डोळ्यांनीं दिसतें. भिजवून काढलेलीं तिकिटें यांतलें कांहींच सांगत नाहींत.

या उणिवेची भरपाई थोडीफार इतर ग्रंथांनीं केली आहे. मुंबईचे जाल कूपर यांनीं हिंदुस्थानांतील आरंभींच्या शिक्क्यांवर लिहिलेलें पुस्तक जुनें झालें तरी अजून उपयोगी पडतें; मात्र त्याचा विषय इंग्रजी टपाल. १९५० सालीं विलायतेंत स्थापन झालेल्या 'इंडिया स्टडी सर्कल' या मंडळाच्या नियतकालिकांत संस्थानी टपालावर बारीक लेख येत आलेले आहेत. आणि ज्याच्या डब्यांत पत्रांऐवजीं खरेदीखतें, कर्जरोखे आणि कोर्टाचे कागद आहेत, त्याच्या कामीं तर गिबन्सचा कांहींच उपयोग नाहीं, कारण मुद्रांक आणि कोर्ट-फीचीं तिकिटें त्या यादींत येतच नाहींत. त्यांच्यासाठीं अॅडॉल्फ कोपेल आणि रेमंड मॅनर्स या दोघांनीं हिंदी संस्थानांच्या मुद्रांकांचा स्वतंत्र कॅटलॉग केला, त्याचा पहिला खंड १९८३ सालीं प्रसिद्ध झाला. आमच्या खेड्यांत पत्रांपेक्षां खतपत्रेंच अधिक जपून ठेवलेलीं सांपडतात, तेव्हां खरें पाहतां हाच ग्रंथ येथें आधीं यावयास हवा होता. जिल्ह्याच्या एखाद्या वाचनालयानें गिबन्सची एक जुनी प्रत आणि कोपेल-मॅनर्स यांचे खंड घेऊन ठेवले, तर घरोघर निराळी प्रत घेण्याचा खर्च वांचेल. कादंबऱ्यांच्या दहा-वीस प्रतींना लागतात त्याहून फार अधिक पैसे त्याला पडूं नयेत.

ज्याची स्वतःची प्रत असेल त्यानें ती कोरी ठेवूं नये. आम्ही आमच्या प्रतीच्या समासांत शिसपेनीनें लिहीत आलों आहों: ४८ समोर चांदमिनार, ४७ समोर महमूद गावानाची मदरसा, पहिल्या पानावर 'साडेबारा म्हणजे पुनर्मुद्रण'. जेथें एखादें तिकीट मराठवाड्यांतील शिक्क्यासह पाहण्यांत आलें, तेथें गांवाचें नांव आणि साल. अशा नोंदींनीं समास भरला म्हणजे भावांचा रकाना कितीहि जुना झाला तरी त्या प्रतीचा उपयोग कमी होत नाहीं.

गिबन्सच्या यादींत हैदराबादचीं तिकिटें साठाव्या क्रमांकाशीं संपतात. १९३७ चीं निजामाच्या रौप्यमहोत्सवाचीं चार, १९४५ चें युद्धविजयाचें एक, १९४७ चें विधिमंडळाच्या सुधारणेचें एक. मग गोवळकोंड्याचें आणि वरंगळच्या काकतीय कमानीचें. आणि अखेरचीं दोनतीन साधीं, कमी मोलाचीं. सप्टेंबर १९४८ मध्यें राज्य गेलें तरी तिकिटें लगेच गेलीं नाहींत; तीं आणखी दीड वर्ष चाललीं, आणि १ एप्रिल १९५० पासून त्यांच्या जागीं भारताचीं आलीं. कॅटलॉग ही गोष्ट एका ओळींत सांगतो, तिच्यापुढें 'ओ' अक्षराचीं सरकारी तिकिटें उरकतो, आणि खालीं रेघ मारून लगेच इडर संस्थान सुरू करतो. त्याच्या पुढें होळकरांचें इंदूर.